गिअरवरचा हात

डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताला ओळखीचं काम द्या. हात काम विसरलाय, त्याला रोज थोडी थोडी आठवण करून द्यायची. संवेदना परत येणार असेल तर पहिल्या काही महिन्यांतच येते, पुढचं सांगता येत नाही. एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले.

ह्यांना फेरतपासणीला सुरतेला नेलं होतं, तिथून शहाद्याला येईपर्यंत मी तोच विचार करत होते, की ह्यांच्या डाव्या हाताला ओळखीचं काम तरी कोणतं. आमच्याकडे डाव्या हाताला काम असतंच काय? जेवण उजव्याने, लिहिणं उजव्याने, देणंघेणं उजव्याने. देवापुढे काय तो बिचारा उजव्याला येऊन मिळतो. उरलेलं एक काम चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आणि घरातली कामं म्हणाल, तर ती आमच्या ह्यांनी उजव्या हातानेही कधी केली नाहीत, डाव्याला कुठून आठवणार? एरवी या विचाराने मला हसू आलं असतं. तेव्हा आलं नाही. त्या दिवसांत मला काहीच येत नव्हतं, हसू नाही की रडू नाही. ह्यांचा हात बधिर झाला होता आणि मी सगळीच.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना एकदम आठवलं. गिअर! ह्या माणसाने डाव्या हाताने आयुष्यात एकच काम मन लावून केलं होतं, ते म्हणजे त्या गाडीचे गिअर टाकणं. त्या गाडीचं नाव काढलं तरी एकेकाळी माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण आता हात परत आणायचा होता, त्यासाठी मी कुणाच्याही पाया पडले असते. गाडीच्यासुद्धा.

गाडीचं सांगायलाच हवं. ह्यांचं ठिबकच्या नळ्यांचं आणि पंपांचं दुकान. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, आणि ह्यांच्या अंगातली दबून राहिलेली हौस वर आली. माल बघायला म्हणून सुरतेला गेले आणि येताना गाडी घेऊन आले. परदेशी बनावटीची, जुनी, पिवळी, दोन दारांची आणि दोनच माणसांची. इतकी बुटकी, की आत शिरायचं म्हणजे आधी खाली बसायचं आणि मग पाय ओढून घ्यायचे. ब्राह्मणपुरीला आमचं शेत आहे. तिथे पहिल्यांदा नेली तेव्हा पोरांनी तिचं नाव बेडूक ठेवलं, ते गावभर झालं. मी विचारलं, यात कांद्याची गोणी कुठे ठेवायची? हे म्हणाले, ही गाडी कांद्यासाठी नाही. मग कशासाठी, ते काही सांगितलं नाही.

विकणाऱ्याने तेवढं एक इमानदारीने सांगितलं होतं, की गाडी फर्स्ट क्लास आहे, फक्त तिसरा गिअर जरा लाजतो. ह्यांना ते वाक्य फार आवडलं. येईल त्याला सांगायचे. मी म्हटलं, लाजतो तो नवरीसारखा लाजत असेल तर ठीक, आपल्या जावयासारखा रुसत असला तर बघा. आम्हाला जावई नाही, पण म्हणायला काय जातं.

तो रुसणाराच निघाला. महिनाभरात तिसरा टाकताना कर्रकन आवाज यायला लागला, ऐकून दात आंबायचे. दोंडाईचा रोडला एक मिस्तरी आहेत, घराणं शहाद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. त्यांचे आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, वडील जीपचं काम करायचे, आणि हे गिअरबॉक्सचे म्हणून पार नवापूरपर्यंत माहीत. त्यांनी बॉक्स खाली उतरवला, आतली पितळी रिंग झिजली होती ती दाखवली, नवी मागवून घातली. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. आणि चार-सहा महिन्यांत पुन्हा तेच. यावेळी गिअर पडायचा नीट, पण चालता चालता आपोआप सुटून बाहेर यायचा. तोरणमाळचा घाट उतरताना एकदा असाच सुटला आणि गाडी मोकळी धावत सुटली. ह्यांनी ब्रेकवर सांभाळली. मी खाली उतरून ह्यांना आणि गाडीला मिळून जे काही बोलले, ते तिथल्या माकडांनीसुद्धा निमूट ऐकून घेतलं.

मिस्तरींनी पुन्हा बॉक्स उतरवला. म्हणाले, तेल चुकलं. आपल्याकडे जीप असो की ट्रॅक्टर, गिअरबॉक्समध्ये जाडं नव्वद नंबरचंच तेल जातं, या गाडीला पातळ लागतं. पातळ घातलं. पुन्हा तेच. मग म्हणाले, आपले स्पीडब्रेकर, गाडीचं पोट घासतं, त्याने बॉक्स हलतो. त्याच्या रबरी गाद्या बदलल्या. पुन्हा तेच. मुलगा पुण्याहून फोनवर सांगायचा, पप्पा, असल्या गाड्यांना हे असतंच, जगभर लोक वैतागलेत, विकून टाका. नाकापेक्षा मोती जड झाला होता, हे मलाही दिसत होतं. ह्यांना मात्र त्याचं काही नाही. बॉक्स उतरवला की आठवडाभर मोटरसायकलवर फिरायचे, बॉक्स चढला की पुन्हा पिवळी गाडी दारात आणि संध्याकाळी हॉर्न. हॉर्न म्हणजे मला बोलावणं. नावाने हाक मारायची आमच्यात पद्धत नाही.

मग आम्ही प्रकाशा गावाला जायचो. देवदर्शन हे निमित्त. शेजारीपाजारी सांगायला काहीतरी लागतंच, आणि तापीकाठी देवळं आहेत, कुणी का म्हणून विचारत नाही. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, केळीचे ट्रक, मध्ये आमचा बेडूक. एका संध्याकाळी पुलाच्या अलीकडे खड्ड्यात चाक गेलं, गाडी उसळली, आणि मी हाताला येईल ते घट्ट धरलं. हाताला आला तो गिअरचा दांडा, आणि त्याच्यावर ह्यांचा डावा हात होताच. मी धरला तो धरलाच. ह्यांनी काढून घेतला नाही. मीही काढला नाही. पूल आला, संपला, तिसऱ्या गिअरवर गाडी तशीच चालत राहिली आणि आम्ही दोघं समोर बघत बसलो, जसं काही दोघांनाही गाडी चालवायची आहे.

हसू नका. आमच्या लग्नाला तेव्हा तीस वर्षं होत आली होती, आणि एवढ्या वर्षांत दिवसाउजेडी आम्ही एकमेकांचा हात धरल्याचं मला आठवत नाही. लग्नात धरला असेल तो भटजींनी सांगितला म्हणून. मग सासू-सासरे, दोन दीर, नणंदांची बाळंतपणं, माझी शाळा. मी गणिताची शिक्षिका, वर्गात माझ्या आवाजाला पोरं टरकायची. घरी मात्र ह्यांच्या शेजारी खुर्चीवर बसायचं म्हणजे आधी बाहेर कोण आहे ते बघावं लागायचं. सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले, तरी सवय काही गेली नाही. हात धरायचा तर त्याला कारण लागतं. गिअर हे चांगलं कारण होतं.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. गाव मागे पडलं, तिसरा पडला, की ह्यांचा हात दांड्यावर राहायचा आणि त्याच्यावर माझा. गाडीच्या काचेतून बाहेरच्याला काही दिसत नाही, असा आमचा समज. पण गाडी बुटकी, ट्रॉल्या उंच. एकदा उसाच्या भाऱ्यावर बसलेल्या बायका खाली बघून अशा खिदळल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी पदर ओढून दोन्ही हातांवर घ्यायला लागले. वरून बघणाऱ्याला वाटावं, बाईने देवाच्या प्रसादाची परडी झाकून धरली आहे.

आता तिसरा गिअर का रुसायचा ते सांगते. मला ते मिस्तरींच्या तोंडून कळलं, आणि ते सांगताना त्यांची जी तारांबळ उडाली ती मी विसरणार नाही. बॉक्सच्या आत दोन बोटांचा एक लोखंडी काटा असतो. तो फिरत्या कड्याला धरून सरकवतो, की गिअर पडला. त्यानंतर काट्याने कड्याला टेकून राहायचं नसतं. पण वर दांड्यावर कुणी हात ठेवून दिला, तर ते वजन खाली काट्यावर येतं, काटा फिरत्या कड्यावर घासत राहतो, झिजतो. मग गिअर पुरता बसत नाही, सुटून येतो. हाताचं वजन ते काय, पण तासन्‌तास राहिलं की लोखंड खातं. आणि आमच्या गाडीत तर दोन हातांचं होतं.

मिस्तरींना काटा एकाच बाजूने झिजलेला दिसत होता, त्यांना संशय होताच. त्यांनी ह्यांना सरळ विचारलं, भाऊ, गिअरवर हात ठेवतस का तुम्ही? ह्यांनी साफ नाही म्हटलं. मिस्तरी शेजारी बसून धुळ्याच्या रस्त्याला लांबवर जाऊन आले. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. मिस्तरींच्या शेजारी बसून ह्यांनी गिअरवर हात कशाला ठेवला असता? परत आले, कारण काही सापडलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला सगळं ठाऊक, मी गॅरेजच्या दारात पर्स धरून उभी. पण त्या चार-पाच पुरुषमाणसांत मी काय सांगणार होते, की मिस्तरी, काटा आमच्या संसाराने खाल्ला?

शेवटी सापडलं ते असं. दांड्याच्या बुडाशी चामड्याची एक चुणीदार पिशवी असते, तिच्यात पदराचा जरीचा दोरा अडकून बसला होता, चांगला वीतभर. मिस्तरींनी तो ओढून काढला, उजेडात धरला, माझ्या पदराकडे त्यांची नजर गेली, आणि लगेच ते पाना शोधायला लागले. पाना समोरच पडला होता. पाना शोधत शोधतच त्यांनी ह्यांना ते काट्याचं सगळं समजावलं, आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, गिअरवर वजन नको, भाऊ, नाहीतर बॉक्स दरवर्षी उतरवावा लागेल. माझे कान तापले. मला वाटलं आता हे काहीतरी थाप मारतील.

ह्यांनी थाप मारली नाही. सगळ्यांसमोर, दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा आवाजात म्हणाले, "हात ते ऱ्हाईच. तू बॉक्स उतारत ऱ्हा."

हात तर राहणारच. या माणसाने मला एवढ्या वर्षांत साडी छान दिसते असंही कधी म्हटलं नव्हतं.  त्या संध्याकाळी भाजीत मीठ दोनदा पडलं आणि ह्यांनी मुकाट्याने खाल्ली.

त्यानंतर बॉक्स वर्षाला एकदा उतरायचाच. मिस्तरी काटे आधीच मागवून ठेवायचे. दिवाळी-दसऱ्यासारखं आमचं ते एक झालं होतं. मुलगा चिडायचा, त्याला कारण कधी कळलं नाही. मुलाला काय सांगणार?

यंदाच्या पौषात बॉक्स असाच खाली होता, गाडी मिस्तरींकडे, आणि एका सकाळी ह्यांना शर्टाची डावी बाही सापडेना. आरशासमोर उभे राहून शर्टावर चिडत होते, हाऊ शर्ट कशा शिवा, हा शिवलाय तरी कसा, म्हणून. मी बघितलं तर हात बाहीच्या तोंडाशी नुसता लोंबत होता. तोंड थोडं वाकडं झालं होतं. मी ओरडले नाही. शेजाऱ्यांची गाडी बोलावली, कागदपत्रं घेतली, गॅस बंद केला, सगळं अगदी नीट केलं. नंतर लोक म्हणाले, बाई किती धीराची. धीर कसला, माझ्या आत कुणीतरी फ्यूज काढून नेला होता. नंदुरबार, तिथून सुरत. डोक्यात रक्ताची गुठळी, डावी बाजू गेली.

पाय हळूहळू आला. तोंड सरळ झालं, बोलणं थोडं जड, पण समजायचं. हात आला नाही. हात म्हणजे नुसता हलत नव्हता असं नाही, त्यात काही लागतच नव्हतं. मी गरम वरण सांडलं तरी कळलं नाही. आणि दुसरी एक विचित्र गोष्ट, त्यांची नजरच डावीकडे जायची नाही. ताटातली उजवी अर्धी भाजी-भाकरी खायचे आणि झालं म्हणायचे. मी ताट फिरवून ठेवायचे, मग उरलेलं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, त्यांच्यासाठी डावी बाजू सध्या जगातच नाही. मी त्यांच्या डावीकडे बसले तर मीही नसायचे. म्हणून मी उजवीकडे बसायला लागले.

येणारा-जाणारा सांगायचा, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. इतक्या जणांनी सांगितलं की मला तो हत्ती आणि ती मुंगी दोन्ही नको झाले. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, ती हाताला चेंडू द्यायची, मेणाचा गोळा द्यायची. ह्यांचा हात त्या गोळ्यावर मेल्यासारखा पडून राहायचा. ह्यांनी आयुष्यात मेणाचा गोळा दाबला होता का कधी, की हाताला आठवावं?

म्हणून भाकरी थापताना मला गिअर आठवला तेव्हा मी तवा उतरवला आणि मिस्तरींना फोन लावला. ते गाडी घेऊन आले. बॉक्स चढवून तयारच होता, नवा काटा, नवी रिंग, नवी चामड्याची पिशवी. दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी गाडी लावली, ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यांकडे तोंड करून. ह्यांना त्या बुटक्या सीटवर उतरवणं हे एक कामच होतं. मिस्तरींनी खांद्याला धरलं, मी पाय उचलून आत घेतले, हे दोघांनाही शिव्या देत होते. ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, तेव्हा मात्र शिव्या थांबल्या.

मी पलीकडून डाव्या सीटवर बसले. त्यांचा डावा हात उचलून दांड्याच्या गोल मुठीवर ठेवला, बोटं वळवली, आणि त्याच्यावर माझा हात ठेवून दाबून धरला. मिस्तरी खिडकीशी वाकले. ह्याच मिस्तरींनी कित्येक वर्षं एकच गोष्ट बजावली होती, गिअरवर हात नको. पदराकडे न बघता म्हणाले, "आते हात ठेवा, भाभी. बंद गाडीले काही व्हत नही."

आणि ते गेले. 

रोज सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही शेडमध्ये जायचो. इंजिन बंद. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, परत तिसरा. ढकलायचे मीच, त्यांचा हात माझ्या हाताखाली नुसता सोबत यायचा. हे समोरच्या नळ्यांकडे बघत गाडी चालवायचे. सुरुवातीला मला ते वेड्यासारखं वाटलं. मग हे सांगायला लागले, आता बायपास, आता साखर कारखान्याचा फाटा, ट्रॉली आहे पुढे, थांब. पूल आला की तिसरा. मी बजावायचे, तुम्ही समोर बघा, अपघात कराल. शेडमध्ये अपघात कसला, पण बोलायला तेवढंच बरं वाटायचं.

पहिले काही आठवडे हाताने काही दाद दिली नाही. व्यायामवाली मुलगी म्हणाली, घाई करू नका. पी हळद आणि हो गोरी असं होत नाही, हे मला गणित शिकवणारीला कळत नव्हतं असं नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेले ते पहिले महिने संपत चालले होते. मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघायचे. एके सकाळी ह्यांनी दोन गिअरच्या मध्येच थांबून सांगितलं, मुंग्या ई ऱ्हायन्यात. बोटांत मुंग्या येताहेत. मी विचारलं, खरंच? म्हणाले, हां, बारीक.

मी मुलाला फोन केला. मुलगा, जो गाडीला गिऱ्हाईक बघत होता, त्याने आधी हाताचं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, मम्मी, गाडी राहू दे, विकायचं नाही. मिस्तरींना सांगितलं, ते मशिदीतून येताना मुद्दाम घरी येऊन गेले. त्यानंतर रोज काहीतरी नवीन असायचं. आज मूठ गोल लागते. आज तळहाताला गार वाटलं. आज करंगळीत जरा जान आहे. व्यायामवाली तिच्या पद्धतीने तपासायची, तेव्हा काही सापडायचं नाही, तर हे म्हणायचे, तिच्यासमोर होत नाही, गाडीत होतं. मलाही ते पटलं. गाडीत ह्यांचं सगळंच वेगळं व्हायचं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मी दसऱ्यापर्यंत गाडी बाहेर काढायचं मनात धरलं. निवृत्त झाल्यापासून मी दुकानात बसायचे, तिथे पुन्हा गिऱ्हाइकांवर ओरडायला लागले, भाजीवाल्याशी भांडायला लागले. शेजारीण म्हणाली, तू परत आलीस.

परवाची गोष्ट. वैशाखाचं ऊन, सकाळीच पत्रा तापलेला. आम्ही कारखान्याचा फाटा मागे टाकला होता, तिसरा पडला होता. माझ्या कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरला, काही दिसेना. मी हात काढून घेतला, चष्मा उतरवला आणि मांडीवर धरून पदराने पुसायला लागले. काचेवर डाग होता, तो निघेना. ह्यांचा हात दांड्यावर एकटा पडला होता.

हे समोर बघत होते. पूल आला असावा, कारण चेहरा तसाच झाला होता, जरासा हसरा. समोर बघतच मला खूश करायच्या आवाजात म्हणाले, "आज तुन्हा हात गरम लागस."

माझे दोन्ही हात मांडीवर होते. एका हातात चष्मा, दुसऱ्यात पदर.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मुंग्या सांगताना हेच तोंड असायचं. मूठ गोल लागते म्हणाले तेव्हाही हेच. गाडीत मी त्यांना दिसत नव्हते, पण घरी उजवीकडे बसून मी रोज आशेने त्यांच्याकडे बघायचे, ते त्यांना दिसत असणार. किती दिवस हे असं चाललं होतं, त्याचा हिशोब मी केला नाही.

चष्मा डोळ्यांवर घातला. हात उचलून त्यांच्या हातावर ठेवला, आवाज न करता. हात गार होता.

"उन्हाळा शे ना," मी म्हटलं. "पूल सरी गया. आते चौथा टाका."

टाकस, म्हणाले. मग मी चौथा टाकला.